माशीवरची काजळी

पहिल्या पाच गोळ्या डावीकडे वर,
पुढच्या तीन उजवीकडे,
दोन कुठे गेल्या ते कागदालाच ठाऊक.
मी स्क्रू फिरवणार तेवढ्यात
मढवी मागून म्हणाले, "त्याला हात नको लावू.
पिस्तुल नाय चुकत. ऊन चुकवतंय."

जनार्दन मढवी. रबाळ्याच्या कारखान्यात
सव्वीस वर्षं टूलरूमला.
आता घणसोलीच्या या रेंजवर
अडकलेले घोडे, सैल स्प्रिंगा
आणि माझ्यासारखी चाळिशी लागलेली माणसं
दुरुस्त करतात.

नळीच्या टोकाला उभी असते ती माशी,
साडेचार मिलिमीटरची पोलादी पाटी.
मागच्या खाचेत तिला मधोमध बसवायची,
दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट,
माथे एका रेषेत.
लक्ष्य धूसर दिसलं तर चालतं.
माशी नाही.

माझ्या माशीला चमक आली होती
(माझीच हौस, दर रविवारी तेलाचं फडकं)
आणि चार वाजता खाडीवरचं ऊन
तिची डावी कड चाटून गेलं की
ती कड कागदाच्या पांढऱ्यात विरघळायची.
उरलेल्या काळ्यालाच मी अख्खी माशी समजत होते.

उजवीकडे ती नवी इमारत, सगळी काच.
पाचच्या सुमारास तेच ऊन
मजल्यामजल्याने परत पाठवते.
मग दुसरी कड जाते.
गोळी बिचारी जिकडे उजेड तिकडे.

"थितं आमची खाचरं होती,"
मढवींनी हनुवटीनेच दाखवलं.
"ऊन तवाबी परायचं.
पन परत पाठवीत नव्हता कोनी."
विषय तिथेच टाकून
ते ऑफिसातल्या गणपतीपुढची डबी घेऊन आले.
"अहो, देवाचा कापूर!" घरतबाई ओरडल्या.
"देवाला दोन वड्या पुरतात. हिला एक."

मॅगझीन बाहेर, रिकामी नळी दोनदा दाखवून,
लेनपासून लांब, नळाशेजारी.
आधी स्पिरिटने तेल पुसलं.
"तेलावर काजली बसत नाय. रुसते."
मी पर्समधला काळा मार्कर पुढे केला,
त्यांनी नुसतं पाहिलं.
मार्करचं काळं उन्हात जांभळं होतं
हे मला त्यांच्या भुवयांवरून कळलं.

बशीत वडी पेटली.
ज्योतीत नाही, ज्योतीच्या वर,
धूर जिथे नुकता काळा व्हायला लागतो
तिथे त्यांनी माशी धरली, चार मोजेपर्यंत.
तिच्यावर मखमल उगवली.
आत गेलेला उजेड बाहेर येऊ न देणारं काळं.
आई अशीच काजळ धरायची
तांब्याच्या पालथ्या भांड्यावर.
ती तीट दृष्ट लागू नये म्हणून.
ही नेम लागावा म्हणून.

"आता बोट नाय लावायचं," ते म्हणाले
आणि मी लगेच लावलं.
परत वडी. परत घरतबाई.

पाच वीस. समोरच्या काचेत सातवा मजला पेटलेला.
हात वर, श्वास अर्धा.
माशीला कडा होत्या.
कोरड्या, ठाम, शाळेतल्या पट्टीसारख्या.
आठ. नऊ. आठ.
सात (ही माझी, उन्हाच्या माथी नाही मारत).
नऊ.

मढवींनी कागद उन्हाकडे धरला,
भोकांवर तळहात ठेवून पाहिला.
पाचही झाकली गेली.
"हं," म्हणाले, आणि बशी धुवायला गेले.

रात्री सीवूड्सला घरी
चष्मा काढला तर काचेवर काळा ठसा,
माझ्याच अंगठ्याचा.
लगेच पुसला नाही.
त्याच्या कडेकडेने
स्वयंपाकघरातल्या ट्यूबकडे बघत राहिले थोडा वेळ.